आडनाव काय?

मागल्या अंकात सगळ्यांना एकच सुरुवात दिली होती. पोरगा भाड्याची खोली बघायला जातो. घरमालक दार अर्धं उघडून विचारतो, आडनाव काय? खरं सांगायचं तर २ वर जा, खोटं सांगायचं तर ३ वर, उलट सवाल करायचा तर ४ वर. निवड वाचकाची. अट एकच, 'जात' हा शब्द कुठंच लिहायचा नाही.

शिव्या आल्या. एकानं लिहिलं, हजारो वर्षं आमचं तोंड दाबलं, आता तुम्हीपण शब्दाला बंदी घालता? रास्त आहे. पण दोस्तांनो, ऐका.

हा खेळ पॅरिसचा. १९६० साली तिथं लेखक आणि गणितवाल्यांचं 'उलिपो' नावाचं टोळकं जमलं. त्यातल्या रेमाँ केनोनं १९६७ मध्ये तीन वाटाण्यांची गोष्ट अशीच फाटे फोडून वाचकाच्या हातात दिली. मला वाटलं, भरल्या पोटाचे चाळे साले. मग जॉर्ज पेरेक कळला. त्याच्या १९६९ च्या कादंबरीत 'ई' हे अक्षरच नाही. त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये आई लिहिता येत नाही, बाप लिहिता येत नाही. पेरेक ज्यू. बाप १९४० मध्ये लढाईत मेला. आईला १९४३ मध्ये ऑशविट्झला नेलं, ती परत आली नाही. त्याच्या अटीनं तोंड दाबलं नव्हतं, भोक दाखवलं होतं.

आपल्याकडं आलेल्या बहुतेक कथांत घरमालक राक्षस आहे. तो तसा नसतो रे! तो चहा विचारतो. मग विचारतो, मटण-मच्छी करता का? गावात घर कुठल्या अंगाला? शब्द कुठंच नाही, आणि त्या खोलीत दुसरं काहीच नाही.

एका पोरीच्या कथेत २ आणि ४ दोन्ही एकाच ओळीवर येतात: खोली कालच गेली. ३ वर किल्ली मिळते, पण तिथून मागं यायला आकडाच नाही.

त्या ३ वर मी दोन वर्षं राहिलो. १४ एप्रिलला दार लावून मेणबत्ती लावली. आई गावाहून आली, जिन्यातच मोठ्यानं 'जय भीम' म्हणाली. मी तिला गप्प केलं. हे आजवर कुठल्याच कवितेत आलं नव्हतं.

पुढल्या अंकाला सुरुवात तीच. फक्त आता तुम्ही दाराआड उभी घरमालकाची बायको. अट: 'माफ करा' लिहायचं नाही. दोन पानांवर जाऊ नका, कागद महाग आहे.