चकचकीत वस्तरा, पुसलेला इतिहास

१/ जुन्या वस्तऱ्यांची छायाचित्रे हल्ली समाजमाध्यमांवर वारंवार दिसतात. आरशासारखे पाते, शिंगाची मूठ आणि खाली एक ओळ: ‘अस्सल शिवकालीन वस्तरा, किमतीसाठी संदेश पाठवा.’ आजचा धागा या ओळीविरुद्ध आहे. ती ज्या संग्राहक-वृत्तीतून जन्मते, त्या वृत्तीविरुद्धही आहे.

२/ प्रथम ‘शिवकालीन’ या विशेषणाचा निकाल लावू. वस्तऱ्याचे वय शोधायचे ते पात्याच्या बुडाशी, म्हणजे मुठीच्या खिळ्यालगतच्या, धार नसलेल्या भागावर. कारखानदार आपला छाप तिथेच उमटवीत. ‘शेफील्ड’ वाचता आले तर वस्तरा इंग्लंडचा, ‘झोलिंगेन’ वाचता आले तर जर्मनीचा. ही दोन्ही गावे पात्यांच्या धंद्यासाठी जगप्रसिद्ध.

३/ तिथे ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे असतील, तर लक्षात घ्या: मुशीत पोलाद वितळवण्याची ही कृती बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात सिद्ध केली. शिवाजी महाराजांचे निधन १६८० चे. मुकुटासह ‘डब्ल्यू. आर.’ असेल, तर चौथ्या विल्यमची कारकीर्द, १८३० ते १८३७. ‘व्ही. आर.’ असेल, तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १८३७ नंतरचे. एवढे वाचायला भिंगसुद्धा लागत नाही. लागतो तो प्रामाणिकपणा.

४/ आणखी काही खुणा. ब्रिटनमध्ये १८८७ साली व्यापारचिन्हांचा कायदा झाला आणि ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे परदेशी मालावर सर्रास दिसू लागली. ‘स्टेनलेस’ हा शब्द १९१३ पूर्वीचा असू शकत नाही. बेकेलाइटची मूठ १९०७ पूर्वीची नाही. मात्र मूठ बदलता येते. म्हणून केवळ मुठीवरून पात्याचे वय सांगू नये. आणि कोणी ‘हस्तिदंती मूठ’ म्हणून वस्तू विकू लागला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण ठेवून दूरच राहावे.

५/ येथवर खोटेपणाची गोष्ट झाली. तो सहज पकडता येतो. खरे नुकसान त्यापुढे आहे, आणि ते अस्सल वस्तूंचे होते. बाजारात पूर्ण रुंदीचे, न वापरलेले पाते सर्वांत महाग. झिजून अरुंद झालेले पाते कवडीमोल. म्हणून हाती आलेला जुना वस्तरा यंत्राच्या चाकावर धरून चकचकीत केला जातो. छाप पुसट होतो, झीज नाहीशी होते, आणि या प्रकाराला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात.

६/ ती झीज म्हणजे काय, हे पाहा. वस्तरा धारेच्या दगडावर आडवा टेकवून घासतात. तेव्हा धार आणि पाठीचा जाड कणा ही दोन्ही दगडाला लागतात. वर्षानुवर्षे हे चालले की कण्यावर एक सपाट पट्टी उमटते आणि पाते अरुंद होत जाते. एका बाजूची पट्टी रुंद, दुसरीकडची बारीक, धार मध्ये किंचित खोल: यातून हाताची सवय वाचता येते. त्या माणसाने मागे ठेवलेला बहुधा हा एकमेव लेख. तो आपण चाकावर पुसतो.

७/ कोरेगावचे उदाहरण घेऊ; सातारा जिल्ह्यातले, भीमेकाठचे नव्हे. पुणे–मिरज लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. मुंबई बंदरात उतरलेला शेफील्डचा एखादा वस्तरा अशा गावातल्या न्हाव्याच्या धोकटीत आला असे समजा. छाप कारखान्याचे नाव सांगेल. पुढची पन्नास वर्षे तो कोणी चालवला, हे सांगायला पात्याची झीज आणि गावची आठवण यांखेरीज कोणी नाही.

८/ त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारीचा तो व्यवहार समजून घ्यायचा तर ते वाचावे. न्हाव्याला प्रत्येक दाढीचे पैसे मिळत नसत; सुगीला धान्य मिळे. बाळाच्या जावळापासून सुतकाच्या क्षौरापर्यंत सारे गाव त्याच्या हाताखालून जाई. आणि कटू सत्यही सांगितले पाहिजे: गावकुसाबाहेरच्या माणसाच्या गालाला तोच वस्तरा लागत नसे. जातीची रेषा त्या धारेवरूनही जात होती.

९/ याच वस्तऱ्याने नकारही दिला आहे. विधवांचे केशवपन ही उच्चवर्णीय घरांतली क्रूर रूढी. काम मात्र नाभिकाच्या हातून करून घेतले जाई. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नेते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि हे काम यापुढे करणार नाही, असा निर्धार केला. ज्यांची मिळकत या कामावर होती, त्यांनीच ते नाकारले. त्या सभेतल्या एखाद्याचा वस्तरा आज कुठे असेल, तर कोणता छाप त्याची किंमत ठरवील?

१०/ आपणही निर्दोष नाही. नाभिक समाजाचा इतिहास म्हटला की आपण १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडावर जातो, जिवा महालांना मुजरा करतो आणि थांबतो. मुजरा योग्यच आहे. पण एका दिवसाच्या तलवारीचे स्मरण ठेवून शेकडो वर्षांच्या वस्तऱ्याला विसरणे, हा इतिहास नव्हे. सोयीचा अभिमान आहे.

११/ संग्राहक म्हणतील, ‘आम्ही घेतले नसते, तर हे सारे भंगारात गेले असते.’ आक्षेप खरा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि वज्र्या आज दिसतात, त्या एका माणसाच्या संग्रहवेडामुळेच. पण भंगारवाला लोखंड वितळवतो आणि आपण माहिती वितळवतो. वस्तू वाचवून तिची कहाणी फेकून देणाऱ्याने रक्षक म्हणवून घेऊ नये.

१२/ म्हणून चार विनंत्या. जुना वस्तरा मिळाला, तर चाकावर धरू नका. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात पुरे. छाप आणि झीज, दोन्हींची छायाचित्रे काढा. विकणाऱ्या घराला विचारा: हा कोणाचा, कोणत्या गावी चालला, शेवटचा केव्हा वापरला? उत्तर, त्यांची संमती असेल तर, कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा.

१३/ आणि शक्य असेल, तर विकत घेऊच नका. आपल्या गावात कोणा वृद्ध नाभिक आजोबांच्या घरी धोकटी अजून खुंटीला असेल. त्यांच्यापाशी बसा, त्यांना बोलते करा, लिहून घ्या. वस्तरा त्यांच्याकडेच राहू द्या. त्याचा अस्सलपणा सिद्ध करणारा माणूस आज हयात आहे. छाप उद्याही वाचता येईल.