वाट देणे म्हणजे शरण जाणे नव्हे

दरवर्षी जानेवारी उजाडला की रस्ता सुरक्षेचे फलक चौकाचौकांत झळकू लागतात. मंत्रिमहोदय फीत कापतात, शाळकरी मुले घोषणांचे फलक घेऊन उन्हात उभी केली जातात, आणि ‘अति घाई, संकटात नेई’ या वचनाचा उच्चार करून सर्व संबंधित मंडळी सायरन वाजवीत, विरुद्ध दिशेने वाट काढीत, पुढील कार्यक्रमाला वेळेवर पोहोचतात. वाहनांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले हे खरे. पण त्या दिव्याखाली जी वृत्ती बसत असे, ती अद्याप गाडीतून खाली उतरलेली नाही.

या समारंभांच्या पलीकडचे वास्तव आकड्यांत मांडावयाचे तर ते असे आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६२ आणि तासाला १९. महाराष्ट्राचा त्यातील वाटा पंधरा हजारांहून अधिक होता. मरणाऱ्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते आणि १९.५ टक्के पादचारी. या दोघांची बेरीज केली की ध्यानात येते की रस्त्यावर मरणाऱ्या दर शंभरांतील चौसष्ट माणसांच्या अंगाभोवती लोखंडाचे कवच नव्हते. मोटारीतला माणूसही मरतो, हे दुःखदच आहे. परंतु रस्त्यावरचा मृत्यू सर्वांना सारखाच वाटला जातो, ही समजूत निखालस खोटी आहे. तो वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. ज्याचे वाहन जड, त्याचा धोका कमी. आणि ज्याच्यापाशी वाहनच नाही, त्याने जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावयाचा, असा हा अलिखित कायदा आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत आणि दोन्ही सारख्याच घातक आहेत. पहिली सरकारी रीत. तिच्या मते अपघात म्हणजे व्यक्तीच्या बेशिस्तीचे फळ. याच अहवालात अतिवेगाच्या खात्यावर ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू मांडले आहेत. आकडा खोटा आहे असे नव्हे. तो अपुरा आहे. वेग कोणी घेतला, याची नोंद त्यात आहे. वेग कोणी घ्यावयास लावला, याचा रकानाच त्यात नाही. दुसरी रीत चळवळीतल्या काही मंडळींची. व्यवस्था बदलल्याखेरीज रस्ता बदलणार नाही, तोवर हेल्मेट, अंतर, वेगमर्यादा या मध्यमवर्गीय शिष्टाचाराच्या गोष्टी, असे ते मानतात. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झाले तेव्हा पुरोगामी म्हणविणाऱ्या कित्येकांनाही त्यात नागरी स्वातंत्र्याचा लढा दिसला. स्वतःचे डोके फोडून घेण्याच्या हक्काला स्वातंत्र्य म्हणावयाचे असेल, तर त्या डोक्यावर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या आईबापांच्या आणि लहान मुलांच्या स्वातंत्र्याचे काय, याचे उत्तर या मंडळींनी दिलेले नाही.

ज्याला बचावात्मक वाहनचालन म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व साधे आहे. दुसरा चूक करणारच, असे गृहीत धरून आपल्या वाहनाभोवती सुटकेपुरती जागा राखणे, हे ते तत्त्व. त्यामागे भीती नाही, पदार्थविज्ञान आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात बावीस मीटर पुढे सरकते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो; म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच बावीस मीटर खर्ची पडतात. पुढच्या गाडीने रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडल्यावर आपण तेथे पोहोचेपर्यंत तीन सेकंद लोटले पाहिजेत, या नियमाचे मर्म हेच आहे. ओल्या रस्त्यावर आणि काळोखात ते अंतर आणखी वाढवावयास हवे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेत शिकविले जाते; रस्त्यावर मात्र ते कोणी आठवीत नाही.

या घाईचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा आहे. तो सबंध मार्ग, घाटासकट, एकाच वेगाने कापता येतो असे क्षणभर गृहीत धरले, तरी ताशी १०० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास वाचतात जेमतेम नऊ मिनिटे. त्या नऊ मिनिटांसाठी आघाताची शक्ती ४४ टक्क्यांनी वाढवून घेतली जाते. शिवाय नऊ मिनिटांचा नफा एकट्या चालकाच्या खिशात जातो आणि वाढलेला धोका मात्र त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या माथी बसतो. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, हे सूत्र कारखान्याच्या धुराड्यापुरतेच नाही. ते मोटारीच्या ॲक्सिलरेटरलाही लागू पडते.

तथापि, दांडगाई करणारे सर्व चालक एकाच जातकुळीचे नसतात. त्यांच्यात भेद केला नाही तर टीका भलत्याच्याच पाठीवर बसते. एक दांडगा तो, ज्याच्या दांडगाईमागे पैशाचा माज असतो. मागून अंगावर येऊन प्रखर दिवे मारणे, कट मारून पुढे घुसणे, हॉर्नवर हात दाबून धरणे ही त्याची भाषा. रस्ता हा त्याला बापजाद्यांची मालमत्ता वाटतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे कोट्यवधी रुपयांच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याला काही तासांत जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोकक्षोभानंतर तो आदेश फिरला, हे खरे. पण लोकक्षोभ झाला नसता तर काय झाले असते, हे सांगावयास ज्योतिषी नको. पतियाळात २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावरील भांडणात ६५ वर्षांच्या एका गृहस्थाला मारहाण झाली व त्यात त्यांचा अंत झाला. त्या प्रकरणी नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली ती १९ मे २०२२ रोजी. मधे तेहतीस वर्षे गेली. न्यायाच्या या चालीला मात्र वेगमर्यादेची कधीच गरज भासली नाही!

दुसरा दांडगा तो, ज्याच्या मानेवर मालकाचे घड्याळ बसलेले असते. खेपेवर मजुरी मिळणारा ट्रकचालक, सलग रात्री जागून गाडी हाकणारा खाजगी बसचा चालक, मिनिटांत घरपोच माल देण्याची हमी दुसऱ्याने दिलेली असल्यामुळे दुचाकीवरून जीव पणाला लावणारा पोरगा, हे सारे रस्त्यावर आक्रमक दिसतात. परंतु त्यांच्या आक्रमकतेचा उगम त्यांच्या स्वभावात शोधणे म्हणजे गिरणीतल्या अपघाताचे कारण कामगाराच्या बोटात शोधण्यासारखे आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे बांधून दिले होते, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. आज तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेच्या पोटात गेला आहे. पण जुना कायदा स्वतंत्र असतानादेखील महामार्गावरच्या किती ढाब्यांवर त्या अर्ध्या तासाची दखल घेतली गेली? १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसला आग लागून २५ प्रवासी होरपळून मेले. सरळ, लांबच लांब आणि एकसुरी रस्ता, त्यावर रात्रभर धावणारी गाडी, आणि ती हाकणारा थकलेला माणूस, या तिहींचा संयोग किती घातक ठरू शकतो, हे कळावयास तज्ज्ञ समितीची आवश्यकता नाही.

येथे कायद्यातील एका विस्मृत तरतुदीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ अन्वये केवळ वेगाने गाडी हाकणाराच नव्हे, तर आपल्या नोकराला तसे करावयास लावणारा मालकही गुन्हेगार ठरतो. त्याच कलमाचे चौथे उपकलम तर याहून पुढे जाते. वेगमर्यादा मोडल्याखेरीज जो प्रवास ठरल्या वेळेत पुरा होणे शक्य नाही, असे वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा हुकूम देणे, हाच त्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा, असे ते सांगते. म्हणजे मालकापर्यंत पोहोचणारा हात कायद्याला आहे. तो मुद्दाम खिशात ठेवला गेला आहे. चौकातला शिपाई दुचाकीवाल्याची पावती फाडतो, कॅमेरा चालकाच्या नावे दंड पाठवतो. पण अशक्य वेळापत्रक छापणाऱ्याच्या कचेरीचा पत्ता कोणत्याही कॅमेऱ्याला सापडत नाही. सदोष रस्ता बांधून माणूस मारणाऱ्या कंत्राटदारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ घातले. त्यात दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये. कोट्यवधींच्या ठेक्यात लाखाचा दंड ही शिक्षा नव्हे, किरकोळ खर्चाची बाब आहे. उलट, अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद मात्र भारतीय न्यायसंहितेच्या कलम १०६ (२) मध्ये तत्परतेने झाली. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाके थांबविली, तेव्हा सरकारला माघार घ्यावी लागली आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. पळणाऱ्याचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. जखमीला रस्त्यावर टाकून जाणे हा अधमपणाच आहे. पण शिक्षेची चढती भाजणी चालकापाशी सुरू होऊन चालकापाशीच का संपते, हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारावयाचा नाही तर कोणी विचारावयाचा?

असे असले तरी उद्या सकाळी कार्यकर्ता रस्त्यावर उतरेल तेव्हा कलम १८३ त्याच्या मदतीला धावून येणार नाही. त्या क्षणी त्याचे रक्षण करील तो त्याचा विवेक. मागून कोणी दिवे मारीत अंगावर आले तर डावीकडे सरून त्याला जाऊ द्यावे. कोणी कट मारला तर पाठलाग करू नये. नजरेला नजर, शिवीला शिवी आणि हॉर्नला हॉर्न हा व्यवहार कधीच बरोबरीत सुटत नाही. कोणी गाडी आडवी घालून भांडणास उभा राहिला तर खाली उतरू नये; काचा लावून, जमल्यास वाट काढून वर्दळीच्या जागी, पेट्रोल पंपापाशी वा पोलीस चौकीपाशी जावे, गाडीचा क्रमांक ध्यानी ठेवावा आणि ११२ वर कळवावे. दुचाकीस्वाराने मोठ्या गाडीच्या चालकाला आपण दिसत नाही अशा कोपऱ्यात, विशेषतः ट्रकच्या डाव्या अंगाला रेंगाळू नये. ट्रकच्या आरशात त्याच्या चालकाचे तोंड आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे खुशाल समजावे.

हे ऐकून कोणी म्हणेल, ही तर शरणागती झाली. अन्यायापुढे वाकू नये असे शिकविणाऱ्यांनी दांडग्याला वाट द्यावी काय? हा आक्षेप वरवर तेजस्वी दिसतो, आत पोकळ आहे. प्रतिकार आणि ईर्ष्या यांत भेद आहे. सत्याग्रही मार खातो तो अन्याय उघडा पाडण्यासाठी. महामार्गावर ट्रकशी शर्यत लावणारा मरतो त्याने कोणता अन्याय उघडा पडतो? दांडग्याला वाट दिल्याने रस्त्यावरचा त्याचा हक्क मान्य होत नाही. फक्त त्याला आपला जीव द्यावयास नकार दिला जातो. संप पुकारणारा कामगार यंत्रात हात घालून दाखवीत नाही, तो यंत्र थांबवतो. शरणागती तेव्हाच होते, जेव्हा वाट दिल्यानंतर माणूस घरी जाऊन गप्प बसतो, तक्रार नोंदवीत नाही, आणि दुबळ्याने सावध राहणे हीच वाहतुकीची व्यवस्था आहे असे मानू लागतो. सावधपणा हा व्यक्तीचा धर्म आहे; शासनाने त्याला आपले धोरण करणे हा कर्तव्यद्रोह आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने किती बचावात्मक चालावे?

म्हणून या प्रश्नावर चळवळीने दोन आघाड्यांवर काम करावयास हवे. पहिली आघाडी घरातली आहे. पक्षाच्या मोटारसायकल फेऱ्यांत बोडक्या डोक्यांच्या रांगा दिसतात, एका गाडीवर तिघे बसतात, आणि झेंडा हाती असला की सिग्नल आपल्यासाठी नाही असे मानले जाते. हे तत्काळ थांबले पाहिजे. रात्री उशिरा सभा संपवून पन्नास-साठ किलोमीटर दुचाकी हाकीत गावी परतण्याला निष्ठा समजण्याची रीतही मोडली पाहिजे. कार्यकर्त्याच्या मुक्कामाची सोय करणे हे सभेच्या व्यवस्थेचेच अंग आहे. दुसरी आघाडी रस्त्यावरची आहे. कलम १८३ (४) खाली अशक्य वेळापत्रके लादणाऱ्या मालकांवर खटले भरा. चालकांच्या कामाचे तास मोजा आणि महामार्गांवर विश्रांतिगृहे बांधा. सदोष रस्त्यासाठी कंत्राटदाराचा दंड ठेक्याच्या रकमेशी जोडा. पदपथ मोकळे करा. आणि ज्या एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, ती दुबळी करून प्रवाशांना खाजगी घाईच्या हवाली करू नका. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. त्यांतील निम्म्या तर विद्यमान कायद्याच्या अंमलबजावणीच्याच आहेत.

रस्ता ही या देशात उरलेल्या मोजक्या सामाईक मालमत्तांपैकी एक आहे. पाणी, गायराने आणि वने यांवर बळकटांनी कब्जा केला तेव्हा चळवळीने आवाज उठविला. रस्त्यावरचा कब्जा मात्र रोज, उघड्यावर, हॉर्न वाजवून होत असताना त्याला अपघात हे निरुपद्रवी नाव देऊन सारे मोकळे होतात. दर तासाला एकोणीस माणसे मरत असतील तर त्याला अपघात म्हणत नाहीत. ती व्यवस्था असते, आणि व्यवस्था बदलता येते. ती बदलावयाची असेल तर बदलणारी माणसे आधी जिवंत राहिली पाहिजेत.