सीमाभागातल्या क्रिकेटने आखाड्याकडून काय घ्यावं

यात्रांचा हंगाम जवळ आला की बेळगाव तालुक्यात आणि निपाणी-चिकोडीकडच्या गावांत कुस्ती मैदानांची हँडबिलं लागतात. त्यातलं कुठलंही उचलून वाचावं. एका बाजूला कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल, त्याच्यासमोर दावणगेरेचा किंवा धारवाडचा; एका नावाआधी महाराष्ट्र केसरी, दुसऱ्या नावाआधी कर्नाटक केसरी. येळ्ळूरचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. याच गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक 2014 च्या जुलैत पोलीस बंदोबस्तात काढण्यात आला आणि गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. त्याच गावात श्री चांगळेश्वरीच्या यात्रेनिमित्त जे कुस्त्यांचं मैदान भरतं, त्याला लोक ‘महाराष्ट्र मैदान’ म्हणतात. त्या मातीत कन्नड मुलखातले मल्ल येतात, लढतात, जिंकले तर इनाम घेऊन सन्मानाने परत जातात. ज्यांच्या अस्मितेला इतकी ताजी जखम आहे त्यांनी समोरच्याला पाहुण्यासारखं वागवावं, ही साधी गोष्ट नाही.

यामागे पैलवान मंडळी इतरांपेक्षा सात्त्विक असतात, असं कारण नाही. आखाड्याच्या रीतीच अशा घडल्या आहेत की प्रतिस्पर्ध्याची काळजी घेतल्याशिवाय कुस्ती सुरूच होत नाही. आधी जोड लावली जाते. वस्ताद मंडळी वजन, वय, अंगातली तयारी पाहतात. हलक्या पोराला तगड्यासमोर उभं करून लोकांची करमणूक करणाऱ्या गावाचं नाव तालमींत खराब होतं. मग सलामी. आणि मग ती रीत, जिच्याकडे प्रेक्षकांचं फारसं लक्ष नसतं: दोघे मल्ल मूठभर माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावतात. घामाने निसरडं झालेलं अंग हाताला लागावं, पकड बसावी, यासाठी. म्हणजे ज्याला चितपट करायचं, त्यालाच आपल्याला नीट धरता यावं अशी सोय मल्ल लढतीआधी स्वतःच्या हाताने करून देतो. अंगाला तेल चोपडून उतरणारा पैलवान नियमातून सुटला तरी मैदानातल्या जाणत्यांच्या नजरेतून उतरतो. कुणाला दुखापत झाली तर पंच लढत थांबवतात आणि समोरचा हात आवरून उभा राहतो. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम वाटून दिलं जातं. या सगळ्यात कुणी कुणाला चांगलं वागण्याचा उपदेश करत नाही. वागण्याची जागा आधीच आखून ठेवलेली असते, एवढंच.

देशाचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच मुलखाने दिले. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा हे त्यांचं गाव, कसरत कोल्हापूरची, आणि 1959 मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून त्यांनी गदा मिळवली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत एकसंबा म्हैसूर राज्यात गेलं होतं. तेव्हा तिसऱ्याच वर्षी हा माणूस कुठल्या राज्याचा, असा वाद घालता आला असता. 2020 मध्ये ते गेले तेव्हा दोन्हीकडच्या तालमींनी आपला माणूस गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. मल्लाचा हिशेब तालमीने, वस्तादाने आणि त्याच्या कुस्त्यांनी मांडायचा, ही सवय लोकांच्या अंगी मुरलेली होती.

आता आपल्या टेनिस बॉल क्रिकेटकडे पाहू. सीमाभागात आज सर्वाधिक तरुण खेळतात ते हेच. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक, रात्रीचे सामने, लाखाच्या घरातली बक्षिसं, हे सगळं आलं. पण आखाड्याची ती आखणी आली नाही. पंच बहुधा आयोजक गावचेच असतात. माइकवरचा माणूस समालोचनाच्या नावाखाली पाहुण्या संघाच्या फलंदाजाची टर उडवतो आणि गर्दी ती झेलते. हरलेला संघ बक्षीस समारंभापर्यंत थांबतच नाही, कारण त्याच्यासाठी तिथे काही ठेवलेलंच नसतं. त्यातून संघ एक मराठी वस्तीचा आणि एक कन्नड वस्तीचा असेल, तर बाद द्यायचा की नाही यावरून सुरू झालेली बाचाबाची कुठे जाईल सांगता येत नाही. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी नाक्यावर ट्रकवर दगड पडले, 2025 च्या फेब्रुवारीत एका बसवाहकाला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या. इतक्या पेटाऊ वातावरणात मैदानावरची शिवी मैदानापुरती राहत नाही. म्हणून मुलांना दोष देऊन भागणार नाही. दोष मैदान मांडणाऱ्यांचा आहे.

यावर काही जण म्हणतील, समोरच्याशी गोडीने वागायचं ठरवलं की चुरस जाते आणि कुस्तीची नुरा होते. ही भीती अगदीच निराधार नाही. नुरा कुस्त्यांनी मैदानांचं नुकसान केलं आहे. पण नुरा म्हणजे संगनमत, प्रेक्षकांची फसवणूक. समोरच्याला पूर्ण ताकदीने लढण्याची संधी देणं ही त्याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. हे करताना पराभव पदरी पडू शकतो, हेही खरं. 1980 च्या फेब्रुवारीत मुंबईत वानखेडेवर कर्नाटकचा गुंडप्पा विश्वनाथ भारताचा कर्णधार होता. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत बाद झाले होते. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या विश्वनाथला बॅटला चेंडू लागलेला वाटला नाही आणि त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने 171 धावांची भागी केली, भारत 10 गड्यांनी हरला. किंमत मोठी होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पण सामना खरा ठरला. गल्लीतल्या चषकासाठी आपण जे करतो त्याला तर देशाच्या पराभवाचंही निमित्त नसतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. मराठी माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळत नाही, सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात अडकून पडला आहे. अशा वेळी हात मिळवा म्हणणं म्हणजे अन्याय विसरा म्हणणं नव्हे काय? नव्हे. हक्काची लढाई न्यायालयात, निवडणुकीत, मोर्चात लढायची आहे आणि ती जोमाने लढायला हवी. समोर गोलंदाजी करणारा सतरा वर्षांचा कन्नड मुलगा म्हणजे कर्नाटक सरकार नाही. त्याला शिवी घातल्याने एकही परिपत्रक मराठीत निघालेलं नाही, निघणारही नाही. येळ्ळूरकरांनी महाराष्ट्राची मागणी तसूभरही सोडलेली नाही आणि मैदानात कर्नाटकच्या मल्लाचा मानही ठेवला आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

आखाडाही आता निर्मळ राहिलेला नाही, हे मान्य करायला हवं. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून एका मल्लाने पंचांना लाथ मारली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. मोटारी आणि नोकऱ्या पणाला लागल्या की जुन्या रीती आपोआप तगत नाहीत, त्या कुणीतरी राखाव्या लागतात. म्हणून यंदाच्या चषकांच्या आयोजकांनी प्रवेश अर्जातच काही गोष्टी लिहून टाकाव्यात. पंच तिसऱ्या गावचे असतील. माइकवर खेळाडूची टिंगल झाली तर समालोचक त्याच षटकात बदलला जाईल. समर्थकांनी भाषेवरून घोषणा दिल्या तर त्यांच्या संघाच्या धावा कापल्या जातील. आणि उपविजेत्याचा चषक विजेत्याच्या आधी, पूर्ण गर्दी जागेवर असताना दिला जाईल. याला जादा पैसा लागत नाही. देणगीदार पुढाऱ्यांनी तर एवढंच करावं, ही कलमं अर्जात नसतील त्या स्पर्धेला आपलं नाव लावू देऊ नये.