ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

मैत्रिणींनो, ‘डाऊन सिंड्रोम’ असलेलं मूल घरात असलं की ‘कितीदा सांगितलं तरी ऐकतच नाही मेलं!’ ही तक्रार ठरलेली. पण त्याला नीट ऐकू येतं का, हे पाहिलंत?

या मुलांत बहुधा २१ क्रमांकाचं गुणसूत्र एक जादा असतं; १९५९ साली हे उघडकीला आलं. त्यात आईचा दोष काडीचाही नाही. त्यांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे चिकट द्रव साठतो. आज ऐकू येतं, सर्दी झाली की कमी येतं. म्हणून जन्मल्यावर कान तपासले असले तरी पुढेही नियमितपणे तपासून घ्यावेत.

दुसरी गोष्ट स्मरणाची. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं या मुलांच्या ध्यानात अधिक राहतं. ‘हात धू, ताट घे नि पाटावर बस’ असं एका दमात सांगू नका. समोर बसून, ताट दाखवून ‘ताट घे’ एवढंच म्हणा नि थोडं थांबा. खुणा केल्यानं मूल बोलायचं राहत नाही. उलट खुणेच्या आधारानं शब्द येतो.

त्यांना बोलता येतं त्याहून कळतं जास्त. तेव्हा त्यांच्यादेखत ‘याला काय समजतंय!’ असं पाहुण्यांपाशी म्हणू नका.

२०१३ सालापासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. रागावण्याआधी एकदा कान दाखवून या, एवढंच सांगणं!