जलरंगांचेही समन्यायी वाटप हवे

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातील एका शाळेत नुकतेच आमचे अभ्यासशिबिर भरले होते. वर्गाच्या भिंतीवर जलरंगातील एक चित्र होते: सायंकाळचा समुद्रकिनारा, ओली वाळू, मागे सरणारी लाट आणि क्षितिजाशी टेकलेला सूर्य. शाळेच्या निवृत्त चित्रकला-शिक्षकांनी ते काढलेले. एका तरुण साथीने टोमणा मारला, "इथे प्यायला पाणी नाही आणि भिंतीवर समुद्र! त्यापेक्षा ऊसतोडणी मजुरांचे चित्र लावा." पुष्कळजण हसले. मला मात्र त्या टोमण्यात आपल्या चळवळीचा एक जुना दोष दिसला.

ऊसतोडणी मजुराचे चित्र अवश्य लावावे. पण सूर्यास्त उतरवून ते लावा, या म्हणण्यामागे एक गृहीत आहे: सौंदर्य ही पोट भरलेल्यांची मिरासदारी आहे आणि कष्टकऱ्याला फक्त त्याचे दुःखच दाखवावे. नेमके हेच गृहीत सरकारी हिशेबनिसांचेही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात या निदेशकांना नेमणुकीसाठी आणि ती टिकविण्यासाठी झगडावे लागले. शहरातील सुखवस्तू पालक खासगी शिकवणी लावून मुलाला एलिमेंट्री व इंटरमिजिएट परीक्षांना बसवितो आणि दहावीत वाढीव गुण मिळवून देतो. मजुराच्या मुलाने काय करावे? 'चित्र म्हणजे चैन' असे आपणच म्हणू लागलो, तर त्याच्या वाट्याचा शिक्षक काढून घेणाऱ्यांशी आपण कोणत्या तोंडाने भांडणार?

आणि तो समुद्र आपल्याला परका तरी कसा? सातारा जिल्ह्यातील कोयनेचे वर्षाकाठी ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्री ओलांडून पश्चिमेस वळविण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिलेली आहे. पोफळीस वीज देऊन ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीस, म्हणजे समुद्रास मिळते. या धरणासाठी पाटण-जावळीतील ज्यांची घरे-शेते बुडाली, त्यांच्या नातवंडांनी किनाऱ्याचे चित्र पाहिले, तर ते आपल्याच खोऱ्यातील पाण्याचा शेवटचा मुक्काम पाहत असतात. त्या भिंतीवर समुद्राला जागा नाही, हे म्हणणेच अज्ञानाचे आहे.

जलरंग हे गरिबाला परवडणारे माध्यम आहे. त्याला कॅनव्हास लागत नाही, तेल लागत नाही. कागद, ब्रश, चार रंगांच्या वड्या आणि वाटीभर पाणी पुरते. पांढरा रंगही लागत नाही. सूर्याचे तेज दाखवायचे, तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. कोठे रंग लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. सायंकाळचा प्रकाश अर्ध्या तासात पालटतो, म्हणून नजर आणि हात दोन्ही जागे ठेवावे लागतात. हे शिक्षण चैनीचे नव्हे, विवेकाचे आहे.

संस्थानिकांचे गोडवे गाणे हा आपला धर्म नव्हे. तरीही औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपला चित्रसंग्रह मुंबई-पुण्यात न ठेवता खटावच्या अवर्षणप्रवण माळावर, यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून लोकांपुढे मांडला, हे विसरता येत नाही. ते स्वतः चित्रकार होते. दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी प्रजेच्या हाती सत्ता देणारी राज्यघटनाही स्वीकारली. आटपाडी तेव्हा त्याच संस्थानात होती. चित्र आणि स्वराज्य ही एकमेकांची वैरी आहेत, असे तेथे कोणास वाटले नाही.

१९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी देशापुढे ठेवली. तोच न्याय रंगांनाही लावावा. प्रत्येक शाळेत कलाशिक्षक, पाठ्यपुस्तकांबरोबर मोफत रंगपेटी आणि माण, खटाव, आटपाडी, जतच्या मुलांसाठी वर्षातून एकदा एसटीने औंधची मोफत सहल, या तीन मागण्या आपल्या मागणीपत्रात आल्याच पाहिजेत. त्या शाळेतील चित्र मात्र जागेवरच राहू द्यावे. शेजारी ऊसतोडणी मजुराचे चित्र लावायला भिंत पुरेशी मोठी आहे. ते त्याच्या मुलीने काढावे, एवढीच आमची अट आहे.