तुमच्या मापाचा इलाज

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलपासूनचा माझा एक मित्र आहे. दोघेही पुण्यात, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. चार वर्षांपूर्वी तो सकाळच्या मीटिंगला सतत उशिरा यायला लागला. मला वाटले, रात्री जागून सिरीज बघत असेल. मग कळले की त्याला नुसत्या वजूला पाऊण तास लागतो. कोपर कोरडे राहिले का, मसह नीट झाला का, शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. हातांची कातडी सोलून निघाली होती.

घरच्यांना आधी ही परहेजगारी वाटली. मोहल्ल्यातल्या मौलानांनी 'वसवसा आहे' म्हणून एक दुआ पढायला सांगितली. सल्ला प्रेमाचा होता, पण दुआ किती वेळा झाली हेही तो मोजू लागला. शेवटी एका ऑनलाइन कौन्सेलरकडे गेला. त्यांनी दुसऱ्याच भेटीत सांगितले, "काही दिवस नमाज बंद ठेवून बघा." तो परत गेला नाही. मला म्हणाला, "थेरपी वगैरे आपल्यासाठी नाही रे."

हे वाक्य मी आपल्या तरुणांकडून इतक्यांदा ऐकले आहे, की आजचे संपादकीय त्यावरच लिहितो आहे.

'थेरपी' म्हणजे एकच ठरलेली वस्तू, एकदा घेऊन बघितली, लागू पडली नाही, विषय संपला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गेल्या शतकात तिच्या अनेक पद्धती तयार झाल्या. 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ पद्धत मांडली. 1960 च्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी विचार तपासून बघण्याची पद्धत विकसित केली. फ्रॉइडच्या वाटेने जाणारे बालपणाकडे वळतात, वर्तनवादी आजच्या सवयींकडे, काही जण पूर्ण कुटुंबालाच खोलीत बसवतात. यात श्रेष्ठ कोण, हा वाद बरीच वर्षे चालला. 1967 मध्ये गॉर्डन पॉल या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्नच अपुरा असल्याचे दाखवले. कोणी केलेला कोणता उपचार, कोणत्या माणसाला, त्याच्या नेमक्या कोणत्या अडचणीसाठी आणि कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडतो, असे विचारायला हवे, असे त्यांचे म्हणणे. पुढे अर्नोल्ड लाझारस यांनी एकाच माणसाकडे सात बाजूंनी बघायची रीत बसवली. वर्तन, भावना, शरीराच्या संवेदना, मनातली चित्रे, विचार, नाती आणि सातवी बाजू शरीराची, तिच्यात औषधे, झोप, खाणेपिणे सगळे आले. अनेक पद्धतींमधून त्या माणसाला लागेल ते घेऊन केलेल्या उपचाराला आज एकात्मिक किंवा इंटिग्रेटिव्ह थेरपी म्हणतात.

माझा मित्र वर्षभराने, बहिणीच्या आग्रहावरून, एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेला. बाई मुस्लिम नव्हत्या. पहिल्या दोन भेटी त्यांनी फक्त प्रश्न विचारले. झोप किती, शिफ्ट कोणती, घरात कोण कोण, वजूच्या आधी मनात काय येते, हे सुरू झाले तेव्हा आयुष्यात काय चालू होते. त्यातून त्याच्या त्रासाचा एक नकाशा तयार केला आणि त्याला दाखवला. त्याला झालेल्या आजाराचे नाव ओसीडी, आपल्या मराठीत मंत्रचळ. त्यावर सर्वात भरवशाची पद्धत वर्तनवादी आहे. भीती वाटेल ते करायचे आणि भीती शमवणारी कृती मात्र करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये ती पहिल्यांदा मांडली. बाईंनी हीच निवडली, पण वापरण्याआधी त्याला विचारले, "तुमच्या धर्माप्रमाणे वजूला किती पुरते?" त्याने मौलानांना विचारून उत्तर आणले. खात्रीने झालेली गोष्ट नुसत्या शंकेने मोडत नाही, हा फिकहचा जुना नियम आहे. मग ठरले की नळ बंद, एक लोटा पाणी, एकदाच वजू, आणि शंका घेऊनच नमाजला उभे राहायचे. 'नमाज सोड' आणि 'शंका असतानाच नमाज पढ' यात केवढा फरक आहे, बघा!

पण एवढ्याने भागले नाही. तो दर वेळी अम्मींना विचारायचा, "बराबर झालं ना?" आणि अम्मी बिचाऱ्या "हो बेटा" म्हणायच्या. ती खात्री हाच आजाराचा खुराक होता. म्हणून एका भेटीला अम्मींना बोलावले. हातांची अवस्था आणि झोप पाहून सायकियाट्रिस्टकडे पाठवले, गोळ्या सुरू झाल्या.

सगळ्यात मला पटली ती गोष्ट वेगळीच. त्या वर्षी त्याला नाव ऐकून तीन ठिकाणी भाड्याचे घर नाकारले होते. 'लोकांना मी नकोच आहे' हा विचार त्याच्या मनात घट्ट बसला होता. पुस्तकी पद्धतीने या विचाराचा पुरावा तपासायला सांगतात. इथे पुरावा त्याच्याच बाजूचा होता! बाईंनी तो विचार खोडायचा हट्ट धरला नाही. अपमान झाला हे मान्य केले, त्याला त्यावर बोलू दिले, रडू दिले. घर शोधायला कोणाची मदत घेता येईल हेही बसून काढले. आम्ही सॉफ्टवेअरवाले इंटरनेटवरचा कोड उचलून चिकटवतो आणि चालला नाही की संगणकाला दोष देतो. त्या पहिल्या कौन्सेलरने तेच केले होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'इंटिग्रेटिव्ह' हा शब्द आता कोणीही पाटीवर लावतो. थोडे ध्यान, थोडे समुपदेशन, थोडा कप्पिंग, अशी खिचडी म्हणजे एकात्मिक उपचार नव्हे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असावी लागते. तो क्रमांक मागण्यात बेअदबी नाही. तुम्ही माझ्यासाठी हे का निवडले आणि उपयोग होतो आहे की नाही हे कसे बघणार, हेही विचारा. नीट उत्तर मिळाले नाही तर माणूस बदला, उपचार सोडू नका. आणि बोललेले बाहेर जाईल ही भीती असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. फीची अडचण असेल तर 14416 ही सरकारी टेलि-मानस सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलते.

हे सगळे पश्चिमेचे आहे म्हणणाऱ्यांनी अबू झैद अल-बल्खी यांच्याकडे बघावे. बल्ख आजच्या अफगाणिस्तानात येते. हे 934 मध्ये वारले. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. त्यात भीती, राग, दुःख आणि वसवसा यांची वेगवेगळी प्रकरणे केली. दुःखातही कारण माहीत असलेले आणि कारण न सापडणारे असा भेद करून इलाज वेगळे सांगितले.

माझ्या मित्राची गेल्या महिन्यात बंगळुरूला बदली झाली. पुन्हा घर शोधणे आले, पुन्हा नळापाशी रेंगाळणे थोडे सुरू झाले. या वेळी त्याने स्वतःच बाईंना फोन करून वेळ घेतली.