घामाचा गणवेश

विदर्भात कापूस पिकतो. आणि त्याच विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला असता बँकेच्या दारावरील पहारेकरी पॉलिस्टरच्या गणवेशात उभा असतो. सुती धागा हवेतून स्ववजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. ‘पॉलिस्टर टिकते’, हे कंत्राटदाराचे समर्थन. कापड टिकावे, माणूस झिजला तरी चालेल, हाच त्यातला हिशेब! जपानी सरकारने २००५ साली उन्हाळ्यात कचेऱ्यांतील कोट-टाय उतरवले. तिथे साहेबाचा घाम मान्य झाला. इथे श्रमिकाचा व्हायचा आहे. दरवर्षी सैल, फिक्या रंगाचे दोन सुती जोड मालकाने शिवून द्यावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक करारात घातली पाहिजे. आणि त्यांची शिलाई पगारातून कापता कामा नये.